राहिलेला ठोका
जॅकवर उचललेलं चाक मी दोन्ही हातांनी हलवलं. खडखडलं. "बेअरिंग गेलंय."

"मग बदल की, बघतोस काय?" दाजी खेकसले आणि गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बहिणीकडे वळले. "पिशवी भर. पुन्हा माहेरी पळालीस तर तंगडी तोडीन." तिचा ओठ अजून सुजलेलाच होता.

चाक उतरवलं. जुनं बेअरिंग चाकामागच्या हबमध्ये गच्च बसलं होतं. मी हातोडीने ते बडवून काढलं. प्रत्येक घावाला मला दाजींचं थोबाड दिसत होतं. नवं बसवलं, नट आवळला. आता छिन्नीने ठोकून नटाची कड आसावरच्या खाचेत दाबायची, नाहीतर नट सुटतो आणि चाक निखळतं. आमच्या वडिलांनी, तात्यांनी, आम्हा दोघा भावंडांना हे इथेच शिकवलेलं. मी छिन्नी उचलली, तशीच खाली ठेवली आणि चाक चढवलं.

"बस गाडीत!" दाजींनी तिचा दंड पिरगळला.

ती चाकाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. छिन्नीचा आवाज तिला आलाच नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे," ती नवऱ्याला म्हणाली. "मला घाटात बंद गाडीत मळमळतं. मी एसटीने येते."