तळ्यावरची जाळी

"जाळी आली की मला हाक मारा," असं मी मॅनेजरांना बजावलं होतं. आईच्या ज्येष्ठ निवासात साऱ्या म्हाताऱ्यांनी मिळून बागेत तळं केलं, कमळं लावली, गप्पी मासे सोडले. माझी लेक नुकती पळायला लागलेली. आजीकडे आली की पाण्याकडेच धावते. तळं झाकून टाका, अशी तक्रार मीच केली.

लोखंडी जाळी घेऊन माणसं आली, तशी आई साडी खोचून सरळ तळ्यात उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

"आई, घसरशील. बाहेर ये."

"बाल्कनीला जाळी, खिडकीला जाळी, गच्चीला कुलूप. आता पाण्यालाही? तुला भीती वाटते म्हणून आम्ही अजून किती कोंडून घ्यायचं गं?"

काठावरचे एक आजोबा विजार दुमडू लागले. "वहिनी, जागा ठेवा."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "मॅडम, तक्रार तुमची. तुम्हीच सांगा त्यांना."

मी चपला काढल्या, लेकीला कडेवर घेतलं, आईचा हात धरला आणि पाण्यात उतरले.

"टाका जाळी," मी म्हटलं. "आमच्यावरून टाका."