काचेवरचा थेंब

पुतळीने उजवा डोळा मिटला आणि डावा नळीला लावला. पाच दिवसांत तिला एवढं जमायला लागलं होतं.

आत उजेडाचं गोल अंगण होतं आणि त्यात चंद्रा होती. जांभळी, इवलीशी. बारीक कड्यासारखी, कड्यावर एक लाल खडा. एक इथे, दोन तिथे. बाकी सगळं नुसतं फिकट.

"पुतळे, सर की गो," मागून फुला म्हणाली. "आत काय नवरा दिसतोय व्हय?"

बायका हसल्या. पुतळी हलली नाही.

भाद्रपदात सरकारी औषधवाला नारायण अणशी गावात आला होता. पुतळीची लेक चंद्रा तापाने फणफणली होती; तिच्या बोटाला सुई टोचून त्याने एक थेंब काचेवर घेतला होता. चौथ्या दिवशी चंद्रा गेली. चार वर्षांची होती. तिचं पांघरूण, तिचे वाळे, तिची नारळाची करवंटी, सगळं तिच्याबरोबर मातीत गेलं. लहान पोराचं काही घरात ठेवायचं नाही, ठेवलं तर ते परत परत येतं, असं जाणती माणसं म्हणाली. पुतळीला तेच हवं होतं. पण तिने घरभर शोधलं तेव्हा ठेवायला काही उरलंच नव्हतं.

आता कार्तिकात नारायण तीच काच आणि बारीक ते मोठं करून दाखवणारी एक पितळी नळी घेऊन परत आला होता. रोज सकाळी देवळाच्या पडवीत तो हिवतापावर बोलायचा. पुढे पुरुष बसायचे, बायका मागे खांबांच्या पलीकडे. तिथवर त्याचं बोलणं पोचायचं नाही. पुरुष नळीत बघून रानात कामाला गेले की बायकांची पाळी यायची. तोवर नारायणचा घसा बसलेला असायचा. मग त्याचा शिपाई मारुती तेवढा ओरडायचा, "बघा, बघा. चावत न्हाई. तुमच्याच चंद्राचं रगत हाय!" पुतळीने एवढंच ऐकलं होतं. तेवढं तिला पुरलं होतं. तापावरच्या कोयनेलच्या पुड्या मात्र कुणी घेतल्या नव्हत्या, पेटीत तशाच पडून होत्या.

आज शेवटचा दिवस होता. उद्या काच पुढच्या गावी, गुंदला जाणार होती.

बायका पांगल्या. मारुती पेटी भरायला लागला. पुतळी तिथेच उभी राहिली.

"सायेब, ही काच मला द्या."

"काच?" नारायण दचकला. "अक्का, ती सरकारी आहे. आणि इतका स्वच्छ नमुना माझ्याकडे दुसरा नाही."

"तुमास्नी दुसऱ्या कुणाचं बी रगत मिळंल. मला ही एकच हाय वो."

नारायणने नकारार्थी मान हलवली.

"बरं, सगळी नगं. त्यातली एक तरी काढून द्या. ती कडंची, लाल खड्याची."

"कसला खडा?" त्याने वाकून नळीत पाहिलं. बराच वेळ त्याने डोकं वर केलं नाही. केलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का, ती चंद्रा नव्हे. तो ताप आहे. ते किडे आहेत. त्यांनीच तिला नेलं."

पुतळीने नळीवरचा हात काढून घेतला. पाच दिवस ती त्याच कड्यांकडे डोळे भरून बघत होती. काल निघताना तर तिने त्यातल्या एकाला हळूच 'येते गो बाय' म्हटलं होतं.

"कशाला सांगितलंसा, सायेब?" मारुती पुटपुटला.

पुतळी रडली नाही. तिने विचारलं, "मग माझी पोर कुठं हाय ह्यात?"

गावोगावी नारायणने शेकडो माणसांना नेमकी ती जांभळी कडी दाखवली होती. बाकीचं काय आहे हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

"ते फिकट गोल दिसतात ना," तो सावकाश म्हणाला, "गुलाबीसर, एकाला एक लागून. ते तिचे, तिच्या रक्तातले."

"कुठला?"

"सगळे."

पुतळीने डोळा पुन्हा नळीला लावला. नारायण बोटाने काच हळूहळू सरकवू लागला. एका कडेने फिकट गोल आत येत होते, दुसऱ्या कडेने जात होते, तोवर नवे येत होते. शेकड्यांनी, हजारांनी. काच सरकत राहिली. ते संपेनात.

"अगो बाय," पुतळी डोळा न काढता म्हणाली, "केवढी झालीया माझी पोर!"