आजारी उजेड

"पडदा कुणी उघडला?"

तोंडाला साबण तसाच, आणि बाबा न्हाणीघरातून धावत आले. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन थेट जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं होतं.

"मी उघडला," आई म्हणाली. "घर आहे की गुहा?"

बाबांनी जाड पडदा खसकन ओढला. खोलीत अंधार झाला आणि छतावरचा बल्ब आपसूक लागला. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. मग ते खुर्चीत बसले, खांदे पाडले आणि आठवण झाल्यावर दोनदा खोकले.

गेले नऊ दिवस हे नाटक चाललं होतं.

बल्ब आईनेच आणलेला. बाबा दिवे मालवायला हमखास विसरत, म्हणून हा अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजेड आला की आपोआप विझणारा. वर पुन्हा स्वस्तात मिळालेला, त्यामुळे ती भलतीच खूश होती. पहिल्या संध्याकाळी बाबांनी ताटाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. टोमॅटो मातकट दिसत होता आणि गाजर तर मेल्यासारखं. आता, ज्या माणसाची उभी हयात रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेली, त्याला हे सहन होणार कसं? त्यांनी कचऱ्यातून खोकं काढलं, चष्मा चढवला आणि बारीक अक्षरांतला आकडा शोधून काढला. रंग किती खरे दिसतील, त्याचा आकडा. उन्हाला शंभर धरले तर या बल्बाला जेमतेम साठ.

"अगं, हा बल्ब नव्हे, खोटारडा आहे! याच्या उजेडात तांबडा रंग जवळजवळ नाहीच. उद्याच्या उद्या परत करून येतो."

तेवढ्यात दारात मुलगी उभी राहिली. ती दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती आणि यायची ती अशीच, दोन गाड्यांच्या मधल्या दोन तासांपुरती, एक डोळा फोनवर ठेवून. तिने बाबांकडे पाहिलं आणि हातातली बॅग खाली टाकली.

"बाबा! काय ही दशा! अंगात रक्ताचा थेंब तरी आहे का?"

बल्बाचं सांगायला बाबांनी तोंड उघडलं.

"ते काही नाही, मी आठवडाभर राहणार," मुलगी म्हणाली.

बाबांनी तोंड मिटलं. खोकं हळूच पुन्हा कचऱ्यात गेलं. त्याच बल्बाखाली आईही तितकीच पिवळी दिसत होती, पण तिची चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही, आणि हे तिने नऊ दिवसांत निदान वीसदा ऐकवलं.

पण काय दिवस गेले ते! मुलगी सकाळी पेपर वाचून दाखवायची आणि बातम्यांवरून बापलेकीची कडाक्याची भांडणं व्हायची. दुपारी पत्ते, त्यात दोघांची लबाडी. रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ आले तेव्हा बाबा घाबरले, पण मुलगी म्हणाली, "म्हणजे दुखणं आत खोल असणार." बाबांनी लगेच मान डोलावली. अडचण होती ती फक्त दिवसाची. उन्हात ते धडधाकट दिसत. म्हणून त्यांनी डोळ्यांना ऊन सोसत नाही असं जाहीर करून टाकलं, फिरायला जाणं बंद केलं आणि पडद्याचा ताबा घेतला. आठवडा संपल्यावर मुलीने रजा आणखी वाढवली. बाबांना आभाळ ठेंगणं झालं.

आजही सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलीचा फोनवरचा आवाज आला.

"साहेब, वडिलांचा चेहरा बघवत नाही हो... कळतंय मला, माझ्या जागी दुसऱ्याला घ्याल. घ्या. नोकरी गेली तर गेली, पण मी यांना अशा अवस्थेत सोडून येणार नाही."

बाबा खोकायचंही विसरले. दहा वर्षं रक्त आटवून पोरीने ती जागा मिळवली होती. आणि आपण काय करतोय? चार डाव पत्ते खेळायला मिळावेत म्हणून तिच्या पोटावर पाय देतोय! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर खरोखरच गरगरलं.

मुलगी बाहेर आली. बाबा उठले आणि त्यांनी पडदा सर्रकन उघडला. ऊन आत आलं, बल्ब मुकाट्याने विझला, आणि खिडकीशी एक लालबुंद, टुणटुणीत म्हातारा उभा राहिला.

"बघ. मला धाड भरलेली नाही. सगळी त्या बल्बाची करणी. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तू राहशील म्हणून बोललो नाही. चुकलो मी. आजच्या आज नीघ बाळा, नोकरी घालवू नकोस."

आता ही रडणार किंवा फाडफाड बोलणार, असं धरून बाबा मान खाली घालून उभे राहिले.

"दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही बाहेर उन्हात सायकल पुसत होतात," मुलगी म्हणाली. "खिडकीतून बघितलं मी. गाल नुसते सफरचंदासारखे! तेव्हाच कळलं."

"मग गेली का नाहीस?" बाबांचा आवाज एवढासा झाला.

"तीन वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपले, बाबा. मला जायचंच नव्हतं." ती त्यांच्या जवळ आली, त्यांच्या कानाला राहिलेला साबण तिने ओढणीने पुसला आणि त्यांना धरून खुर्चीत बसवलं. "आता तो पडदा लावते, तुम्ही चेहरा पाडून बसा. साहेब आणखी पंधरा दिवस द्यायला तयार आहेत, फक्त तुमचा आजचा फोटो मागितलाय."