वहिवाट

"ताई, पाऊस पडतोय!" खालून धाकटा ओरडला.

"मला डोळे आहेत," वरून ताई म्हणाली आणि गॅलरीच्या कठड्याला बांधलेल्या दोरीवर तिने झारी कलती केली.

पाऊस बदाबदा कोसळत होता. तिच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्यात झारी. पाणी दोरीला धरून सरसर खाली उतरलं आणि मोरवेलीच्या बुंध्याशी मुरलं. दोरी तिने स्वतःच वळली होती, कापडाच्या पट्ट्या पिळून. शिवणकाम करणारीच्या घरात चिंध्यांना काय तोटा!

वाटणीत अंगण धाकट्या भावाकडे गेलं आणि वरचा मजला ताईकडे. मोरवेलीला कोणी विचारलं नाही. तिचं मूळ त्याच्या अंगणात राहिलं आणि फुलं हिच्या कठड्यावर. धाकट्याला नेमकी तिथेच गाडी लावायची होती. त्याने आधी ताईला अंगणात पाऊल टाकायला बंदी केली. तिने वरून पाणी ओतायला सुरुवात केली, तर म्हणाला, माझ्या फरशीवर शिंतोडे उडतात. म्हणून ही दोरी.

वकीलबाईंनी तिला बजावलं होतं, पाणी रोज घाला, चार लोकांच्या देखत घाला, खाडा पडू देऊ नका. वहिवाट मोडली की वेलीवरचा हक्क गेलाच समजा. ताईची तऱ्हा अशी की एकदा टीप घातली की उसवणं नाही. थंडीत पानं झडून नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा भावजयीने विचारलं, "काय वन्सं, सरपणाला पाणी घालताय?" त्या दिवशी ताईने झारी दोनदा भरली. उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली. तिने स्वतःच्या आंघोळीला हात आखडता घेतला, पण वेलीचं पाणी चुकवलं नाही. आणि आता पावसाळा. पावसात सुट्टी घ्या असं काही वकीलबाई म्हणाल्या नव्हत्या.

"अगं, बुडवून मारशील तिला!" धाकटा पुन्हा ओरडला.

"पावसाचं पाणी पावसाचं, माझं पाणी माझं. आणि मेली तर तुला हवंच आहे ना, बाळ्या?"

बाळ्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तो आत निघून गेला.

झारी रिकामी झाल्यावर ताईने रोजच्यासारखी दोरी वर ओढून घेतली. खाली सोडली असती तर कोणी कापली असती, काय नेम. टोकाला काळा चिखल लागला होता. तिने तो बोटाने निपटला आणि नाक मुरडलं. कुजका वास येत होता. मग तिने कठड्यावरून वाकून नीट पाहिलं. खालची पानं पिवळी पडली होती. आठवडाभर तिला ती दिसत होती, आणि आठवडाभर ताई त्याचा दोष पावसाला देत होती.

ताई मटकन स्टुलावर बसली. पाणी घालावं तर वेल जाणार, न घालावं तर हक्क जाणार. दोन्हीकडून गाडी अंगणात येणार. बाळ्याला बोटही उचलावं लागणार नव्हतं, त्याचं काम तीच करून देत होती. तिला रडू येत होतं आणि संतापही. संताप आधी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. समोरच्या इमारतीतले मास्तर गॅलरीत चहा पीत उभे होते. धाकटा फावडं घेऊन बाहेर आला आणि सरळ वेलीकडे गेला.

"बाळ्या! हात लावून तर बघ!"

ताईचा आवाज असा लागला की मास्तरांचा कप हातातच राहिला. तिने दोरी खाली सोडली. टोक धाकट्याच्या पायाशी पडलं. मग तिने झारी उचलली आणि दोरीवर कलती केली.

झारीतून काहीच आलं नाही.

तरी ती ओतत राहिली. रोज ओतायची तशीच, सावकाश, हात न हलवता, ओठ घट्ट मिटून. झारी हळूहळू पार उलटी झाली. धाकट्याने पायाशी पडलेल्या कोरड्या दोरीकडे पाहिलं, मग वर झारीकडे. समोर मास्तर पाहत होते. 'रिकामी आहे' एवढं तो मोठ्याने म्हणाला असता तरी पुरे होतं. ताईने मान वर केली आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. म्हण, काय म्हणायचं ते.

धाकट्याने फावडं मारलं. ताईची झारी तरी खाली आली नाही. फावडं बुंध्यापासून हातभर लांब पडलं होतं. तो माती ओढत गटारापर्यंत गेला आणि मुळाशी साचलेलं गढूळ पाणी त्या चरातून वाहायला लागलं.

"डबकं झालंय नुसतं," तो कोणाकडेही न पाहता पुटपुटला. "डास होतात."

त्याने फावडं झटकलं. दाराशी जाऊन थांबला. ताई अजून तशीच उभी होती, उलटी झारी हातात धरून.

"जरा जपून ओत, ताई," तो मास्तरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "माझ्या फरशीवर शिंतोडे उडतायत."