आयतवारची वाट

सड्याच्या, म्हणजे वाडीवरच्या कातळी पठाराच्या, टोकावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. देवेशने खांद्यावरची सायकल खाली ठेवली. इथूनच त्याची वाट सुरू व्हायची. आज तोरणापलीकडे एक सपाट, झाडून काढलेला रस्ता खाली आचऱ्याच्या बाजूला जात होता. तोरणाखाली दाजी नारळ घेऊन उभे होते. वाडीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस ते. त्यांच्या मागे अख्खी वाडी.

"ये झिला," दाजी म्हणाले. "आता डोळे मिटून जा."

देवेश तळेऱ्याला एका पतसंस्थेत कामाला होता. सोमवार ते शनिवार सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, आणि मधे पतसंस्था. रविवारची सकाळ तेवढी त्याची. जाड टायरांची सायकल खांद्यावर घेऊन सड्यावर चढायचं आणि जांभ्या दगडांवरून, काजूच्या मुळांवरून उडत-आपटत खाली यायचं. एका वळणावर तो हमखास पडायचा. ते वळण त्याचं सगळ्यात आवडतं. पुढच्या महिन्यात फोंडाघाटला डोंगरातल्या सायकलींची शर्यत होती. त्याने नाव दिलं होतं. सरावाला त्याच्याकडे ही एवढीच वाट होती.

वाडीला हे दिसत नव्हतं असं नाही. वाडीने त्याचा अर्थ लावला होता. शेजारी डांबरी रस्ता असताना जो माणूस दर आयतवारी सायकल उचलून दगडांत जातो, त्याने नवस बोललेला असतो. सड्यावर वाडी राखणाऱ्या देवाचं, राखणदाराचं ठिकाण, म्हणजे नवस त्यालाच. आणि नवस कसला ते विचारायचं नसतं. म्हणून कोणी कधी विचारलं नाही. देवेशला वाटायचं, आपल्या वाडीतले लोक फार समजूतदार आहेत.

मागच्या रविवारी तो गुडघा फोडून घरी आला. त्याच्या आईने, किशोरीने, ते शेजारच्या बाबलीला सांगितलं. त्याने दाजींना. दाजी म्हणाले, नवस त्याचो, पण वाट वाडीची. देवेश तळेऱ्याला असताना आठवडाभर वाडी पहारी आणि घमेली घेऊन राबली. धोंडे काढले, मुळं तोडली, माती चोपली. दाजींच्या अंगठ्याचं नख गेलं. ते वळण तर असं रुंद केलं, की तिथून वरात गेली असती.

नारळ फुटला. देवेश खाली उतरला. ब्रेक लावावा लागला नाही. पडणं तर दूरच. खाली पोचल्यावर बाबलीने विचारलं, कसा वाटला? देवेश म्हणाला, बरा वाटला. आईने डोळे पुसले.

सोमवारी तो एसटीच्या बऱ्याच आधी उठला आणि सड्यावर गेला. वाटेच्या कडेला धोंड्यांचा ढीग नीट रचून ठेवलेला होता. त्यातला एक त्याने उचलून वाटेवर ठेवला. मागे सरकून पाहिलं. मग जरासा डावीकडे केला. आठवडाभर हेच. पतसंस्थेत त्याच्या हातांवरची लाल माती बघून साहेबांनी विचारलं, घर बांधताय का? तो म्हणाला, नाही, रस्ता. साहेबांनी पुढे विचारलं नाही.

शनिवारी बाबली लाकडं आणायला वर गेला. वाट बघून लाकडं तिथेच टाकून पळत आला.

रविवारी वाडी पुन्हा सड्यावर जमली. या वेळी तोरण नव्हतं. राखणदार कोपला, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. त्याला न विचारता त्याच्या सड्यावरचे धोंडे हलवले होते. दाजींनी नारळ ठेवला, विडी पेटवून ठेवली आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. लेकरांची चूक झाली, ती पदरात घे. "व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. गुराढोरांची राखण कर. "व्हय म्हाराजा." आजपासून या वाटेवर वाडीतला कोणी पाय ठेवणार नाही, की चाक फिरवणार नाही.

"दाजीनू, थांबा," देवेश म्हणाला. "राखणदार नाय. धोंडे मी ठेवलंय."

बाबलीने विचारलं, स्वतःच्याच वाटेत? देवेश म्हणाला, हो. मुद्दाम? हो. पडायला? देवेशने जरा विचार केला. साधारण हो, म्हणाला. नवसाचं काय, असं कोणीतरी मागून विचारलं. देवेश म्हणाला, कसला नवस?

किशोरी मटकन खाली बसली.

दाजींनी देवेशचे खरचटलेले हात पाहिले. मग किशोरीजवळ जाऊन हळूच म्हणाले, "भियां नको गो. शाणो झील आपल्याच वाटेत धोंडे घालीत नाय. हेच्याकडसून राखणदारानाच करून घेतल्यान."

त्यांनी चपला काढल्या. ते बघून वाडीने काढल्या. देवेश म्हणाला, अहो, मीच आहे. बाबली शेजारच्याला म्हणाला, बघ, सायबासारखी भाषा बोलता.

दाजी देवेशसमोर हात जोडून उभे राहिले.

"आमका कळाक नाय, म्हाराजा," ते म्हणाले. "सांग, आणखी खंय धोंडे होये?"

खरं होतं ते सांगून झालं होतं. बाबली घमेलं घेऊन तयार होता. खाली ते रुंद, गुळगुळीत वळण अजून तसंच उन्हात चकाकत होतं.

देवेशने डोळे मिटले. जमेल तेवढा आवाज घोगरा केला.

"वळणाकडे," तो म्हणाला. "गुडघ्याएवढे."