मुळ्याचं दुसरं पीक

परळचा गिरणी कामगार भिकाजी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला आणि तुरुंगाच्या बागेत कामाला लागला. जेलरसाहेबांनी एका वाफ्याला पोत्यातलं पांढरं विलायती खत घातलं; भिकाजीने शेजारच्या वाफ्याला भटारखान्यातला कचरा कुजवून घातला. साहेबांचा मुळा मनगटाएवढा झाला, भिकाजीचा बोटाएवढा. "हरलास रे!" साहेब हसले. भिकाजी म्हणाला, "आता काहीच न घालता पुन्हा पेरू. माती थकली का, ते दुसरं पीक सांगतं." बी पडलं आणि सुटकेचा हुकूम आला. भिकाजी काकुळतीला आला, "साहेब, महिनाभर ठेवून घ्या!" पण तसा नियम नव्हता. घरी त्याचं जेवणात लक्ष लागेना. तीन आठवड्यांनी त्याने पोलीसचौकीसमोर एकट्यानेच घोषणा दिली. तुरुंगाच्या फाटकाशी जेलरसाहेब दिसताच त्याने विचारलं, "कुणाचा जोरात आलाय?" "तुझा," साहेब म्हणाले. "कचरा कुजवतोस कसा, ते दाखव."