दोघांपैकी एक

"हवाई दल सोडतोय, सर," वैमानिक म्हणाला.

कमांडरने हातातला कप खाली ठेवला. "अरे, स्क्वाड्रनची कमान तुझ्या हाती द्यायचं ठरलंय. यासाठी लोक आयुष्यभर घासतात. घरी विचारलंस?"

"घरासाठीच सोडतोय."

कमांडर उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मी नाही सोडलं. माझा मुलगा आता मला 'अहो सर' म्हणतो." आणि त्याने हात पुढे केला.

अधिकाऱ्यांच्या मेसमधल्या वैमानिकाच्या खोलीत एक पलंग होता, एक खुर्ची होती आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेला उड्डाणाचा पोशाख. दिवसभर कानांत इंजिनाचा आवाज घुमायचा. खोलीचं दार लावलं की बाथरूमचा नळ ठिबकताना ऐकू यायचा. घरातलं सगळं त्याला घडून गेल्यावर कळायचं. मुलीचा दात पडला, ती सायकल शिकली, तिला ताप आला आणि उतरलासुद्धा. "बाबा, तुझं अर्धंच तोंड दिसतंय," ती व्हिडिओ कॉलवर खिदळायची. फोन बंद झाला की काळ्या पडद्यात तो स्वतःचं उरलेलं तोंड बघत बसायचा.

बायकोही एकेकाळी हवाई दलात होती, हेलिकॉप्टर चालवायची. मुलगी झाली तेव्हा दोघांपैकी एकाने जमिनीवर राहायला हवं होतं. कोणी, यावर त्यांचं कधी बोलणंच झालं नाही. तिने राजीनामा दिला आणि शाळेत गणित शिकवायला लागली. कधी कुरकुर नाही की टोमणा नाही. तिचं छान चाललंय, असं तो धरून चालला होता.

काही न कळवता तो घरी पोचला. मुलगी अजून शाळेतून यायची होती. बायको भांडी विसळत होती. खांद्यावरची बॅग न उतरवताच तो म्हणाला, "सोडून आलो. कायमचं."

तिने नळ बंद केला. "आणि स्क्वाड्रन?"

"नाही म्हणालो."

"नक्की ना? दोन महिन्यांनी गच्चीत जाऊन उसासे टाकत बसणार नाहीस?"

"नाही गं. आता इथेच. रोज."

ती मटकन खुर्चीत बसली. ओले हात तसेच तोंडावर धरून ती हमसून हमसून रडू लागली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हिने एकटीने किती काढलं, असं त्याच्या मनात आलं.

"झालं आता," तो हळूच म्हणाला. "यापुढे आपण तिघं एकत्र."

तिने हात बाजूला केले. तिचा चेहरा इतका उजळलेला त्याने फार वर्षांत पाहिला नव्हता.

"डोंगरातल्या गावांतून रुग्ण आणायला एका रुग्णालयाने हेलिकॉप्टर ठेवलंय," ती म्हणाली. "त्यांना वैमानिक हवेत. मी उड्डाणाचा परवाना पुन्हा मिळवला होता, तुला बोलले नाही. त्यांनी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा मुलीसाठी मीच नाही म्हणाले." तिने डोळे पुसले. "आता घरी तू आहेस. मी जाऊ?"